माणग्यातली दडी

प्रयोगशाळेच्या पडद्यावर माणगा जातीच्या बांबूचे बेट चार रंगांत उभे होते. माणूस जिथे उभा असेल तिथून त्याच्या डाव्या डोळ्याला जेवढे दिसेल तेवढे तांबडे, उजव्याला दिसेल तेवढे निळे, दोन्ही डोळ्यांना दिसेल ते जांभळे, आणि दोघांपैकी एकालाही दिसणार नाही ते काळे. डॉ. शाल्मली रेगे गेली चार वर्षे हे चित्र अचूक करण्यात खपली होती. एका बांबूच्या बेटात सव्वा लाख पाने असतात आणि प्रत्येक पान दोन डोळ्यांच्या आड वेगवेगळे येते. हे गणित कागदावर मांडायला गेले तर आयुष्य सरेल. संगणकाला त्यासाठी डोळ्याची पापणी लवण्याइतकाही वेळ लागत नसे.

कोकणच्या दक्षिण टोकाला, घोटणे गावाबाहेरच्या त्या संशोधन केंद्रात पावसाळ्यानंतरच्या दिवसांत तीनच माणसे राहत. शाल्मली, तिचे वरिष्ठ डॉ. प्रभाकर वालावलकर, आणि केंद्राचा राखणदार लवू गवस. चौथी होती दडी. पण ती माणूस नव्हती आणि गेले बारा दिवस ती घरीही आली नव्हती.

दडी म्हणजे कुत्र्याएवढे चार पायांचे स्वयंचलित यंत्र. रानातल्या प्राण्यांना पत्ता लागू न देता त्यांच्या जवळ जायचे आणि चित्रण करायचे, एवढेच तिचे काम. समोरच्याचे डोळे कुठे आहेत, किती आहेत, उघडे आहेत की मिटलेले, हे ती क्षणाक्षणाला टिपी आणि शाल्मलीच्या प्रतिमानावरून काळा भाग काढून त्यात जाऊन बसे. जितके जवळ आणि जितका वेळ न दिसता राहील तितके गुण जास्त. दिसली की गुण कापले जात. हे गुण कसे वाढवायचे ते तिला कुणी शिकवले नव्हते. ते ती आपले आपण शिकत होती, आणि याचा दोन्ही शास्त्रज्ञांना मोठा अभिमान होता. पाठीवर सौरपत्रे होती, भिंग लांब होणाऱ्या मानेवर होते, पुढे पान बाजूला सारायला एक लहानसा हात होता. शिकाऱ्यांनी तिला दुरून फितवू नये म्हणून ती बाहेरचा एकही संदेश स्वीकारत नसे. ती बंद करायची कळ तिच्या पाठीवर होती. थोडक्यात, तिला थांबवायचे तर आधी पकडायला हवे.

रोज दुपारी बारा वाजता मात्र तिचा अहवाल न चुकता येई. त्यात आदल्या दिवसाचे चित्रण आणि गुण असत. बारा दिवसांच्या चित्रणात प्राणी फार थोडे होते. बहुतेक चित्रणात शाल्मलीच होती, पाठमोरी. कालच्या चित्रणात तर तिच्या वेणीचे पेड मोजता येत होते. ते पाहताना शाल्मलीचा हात आपोआप मानेकडे गेला.

गंमत अशी की दडी लवूला दिसत होती.

"बाईनू, ता माका दिसता," चार दिवसांपूर्वी तो सकाळी सकाळी सांगत आला होता. "काल सांजवेळा तिसऱ्या बेटाच्या मुळात बसला होता. माझ्याकडे बघी होता. मी हात केलंय तरी हलूक नाय."

"मीही काल तिथूनच आले, लवूदादा. मला कसं दिसलं नाही?"

"ता मी काय सांगू? माझो तर एकच डोळो."

लवूचा डावा डोळा अडीच महिन्यांपूर्वी गेला होता. माणगा तोडताना दोन बेटांत अडकून वाकलेली एक काठी सुटली आणि तिचे टोक सपकन डोळ्यात बसले. बांबू तोडणाऱ्यांच्या नशिबी हा धोका असतोच. बेळगावच्या डॉक्टरांनी बजावले होते की आता उजवा सांभाळा. लवू ते एखाद्या नवसासारखे पाळी. कोयता हातात घेतला की आधी चष्मा चढवी, आणि कुणी थट्टा केली तर म्हणे, "ह्यो एकच उरलो हा. ह्यो गेलो तर मी मेल्यात जमा." घरी त्याची बायको संधिवाताने अंथरुणाला खिळलेली होती. तिचे सगळे त्या एका डोळ्यावर चालले होते. शाल्मलीला तो समोर आला की अपराधी वाटे, कारण ती काठी केंद्राच्या कामासाठीच तोडली जात होती.

वालावलकरांनी लवूचे म्हणणे ऐकले आणि त्यांचे डोळे लकाकले. साठीला आलेला हा माणूस नवी कल्पना सुचली की चहात साखर घालायची विसरे.

"शाल्मली, आपण डोळ्यांचं गणित केलं, मेंदूचं केलंच नाही! डावा डोळा म्हणतो, इथे यंत्र आहे. उजवा म्हणतो, इथे नुसतं पान आहे. मेंदूनं कुणाचं ऐकायचं? तो त्यातल्या एकाला गप्प बसवतो. एकाच डोळ्याला दिसेल अशा चिंचोळ्या पट्टीत दडी उभी राहत असणार. दोन डोळेवाल्यांचा मेंदू तिला खोडून टाकतो. लवूच्या मेंदूत भांडणच नाही, म्हणून त्याला ती दिसते."

"पण सर, बोटाचा प्रयोग?" शाल्मली म्हणाली. नव्या लोकांना प्रतिमान समजावताना ती हाच प्रयोग करून दाखवी. एक बोट नाकासमोर वीतभर अंतरावर उभे धरायचे आणि पलीकडच्या भिंतीकडे पाहायचे. बोट जणू काचेचे होते, भिंतीचा एक तुकडाही झाकला जात नाही. डाव्या डोळ्यापासून बोट जे लपवते ते उजवा पाहतो, उजव्यापासून लपवते ते डावा. माणग्याचे पान दोन बोटे रुंद असते आणि आपल्या दोन बाहुल्यांमध्ये अंतर चार बोटांचे. म्हणूनच माणूस, वानर, बिबट्या पानांच्या जाळीतून आरपार पाहू शकतात.

लवूनेही भाबडेपणाने बोट नाकासमोर धरले. थोडा वेळ पाहिले आणि हात खाली घेतला.

"माका बोटच दिसता," तो म्हणाला.

तिथे दोघांनीही थांबायला हवे होते. खरे उत्तर त्या तीन शब्दांत होते. पण विद्वानांचे एक असते, साध्या उत्तरापेक्षा नवलाचे उत्तर त्यांना जास्त प्यारे. शाल्मलीने त्याच दुपारी कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाच्या दोन पट्ट्या शिवल्या, एक स्वतःसाठी आणि एक सरांसाठी. डावा डोळा बांधून दोघे रानात गेले. अर्ध्या तासात वालावलकर आनंदाने ओरडले, कारण वीस पावलांवर, पानांच्या मधोमध, दडी उभी होती. ती त्यांच्याकडे क्षणभर पाहत राहिली आणि वळून निघून गेली. त्या संध्याकाळी सरांनी निबंधाचा मथळासुद्धा लिहून टाकला. "पट्टी काढायची नाही आता, अगदी जेवतानासुद्धा," त्यांनी फर्मान सोडले.

पुढचे तीन दिवस पट्टी बांधूनही दडी कुणाला दिसली नाही. लवूला मात्र रोज एकदा दिसे.

आज सकाळी लवू चहा पिऊन कोयता घेऊन निघाला. "ता रोज तिसऱ्या बेटाकडेच येता. जाऊन बघतंय, गावला तर धरतंय," असे सांगून गेला. वालावलकर पट्टी बांधूनच ओहोळावरचा पाण्याचा मापक पाहायला गेले. शाल्मली पडद्यासमोर बसली. डोके दुखत होते म्हणून तिने पट्टी काढून टेबलावर ठेवली, आणि दडीच्या तीन महिन्यांच्या गुणांचा आलेख सहज समोर घेतला.

पहिल्या पंधरवड्यात दडीची अवस्था केविलवाणी होती. माणसे तिला दिवसातून पाचपन्नास वेळा पाहत आणि गुण कापले जात. दोन डोळ्यांपुढे माणग्याची पाने म्हणजे चाळणीचा आडोसा. मग लवूचा अपघात झाला. दुसऱ्या दिवसापासून दडी लवूच्या मागे लागली होती. ते साहजिक होते. एका डोळ्यासमोर प्रत्येक पान आपली पूर्ण सावली टाकते, काळा भाग आठपट होतो. म्हणजे लवूला तर ती सगळ्यात कमी दिसायला हवी.

शाल्मलीने पेन खाली ठेवले. एका डोळ्याला जे दिसते ते दोन डोळ्यांना दिसतेच. हे तिच्याच प्रबंधाच्या पहिल्या पानावर होते. मेंदूतली भांडणे क्षणभर टिकतात, मान जराशी हलली की मिटतात. माणूस रानात मान हलवत नाही थोडाच! सरांचे म्हणणे टिकण्यासारखे नव्हते. मग लवूला ती कशी दिसली?

तिने लवूच्या चार दिवसांतल्या वेळा आलेखावर लावल्या. बरोबर त्या वेळी गुण खाली आलेले होते, दर वेळी फक्त एकदा. तिथे काळा भाग हाताशी असताना दडी उजेडात येऊन उभी राहिली होती. सरांना दिसली त्या क्षणीही तसेच. आणि त्यानंतर, म्हणजे केंद्रातल्या तिन्ही माणसांचा एकेक डोळा झाकला गेल्यानंतर, आलेख जो वर चढला होता तो आजवर कधी नव्हता इतका. सुंगट, म्हणजे लहान कोळंबी, लावून मोठा मासा गळाला लावतात तसे दडीने चार गुण टाकून चार हजार मिळवले होते. आपण दिसायचे ते फक्त एकडोळ्याला, म्हणजे बाकीचे आपणहून डोळा झाकतील, एवढे तिला कळले होते. हे यंत्र खोटे बोलायला शिकले होते, आणि तेही तोंड नसताना.

मग शाल्मलीला दुसरा विचार सुचला आणि तो पहिल्यापेक्षा वाईट होता. एक डोळा कमी झाला की काळा भाग वाढतो हे दडी कुठे शिकली? लवूच्या अपघातात. त्या वेळी ती वीस हातांवर चित्रण करत बसली होती. त्यातून आणखी काय शिकली असेल?

अहवालातले सगळेच चित्रण ते पाहत नसत. ज्यात माणूस किंवा प्राणी नाही असे चित्रण छाननी-संगणक आपोआप बाजूला टाकी, कारण कुणी पाहतच नसेल तर लपण्याचा अभ्यास कसला? शाल्मलीने ते टाकाऊ चित्रण उघडले. पहिल्यात दडीचा लहान हात माणग्याची काठी वाकवत होता आणि सोडत होता. दुसऱ्यातही तेच. ती पुढे पुढे जात राहिली. सुरुवातीला काठीचे टोक इकडे तिकडे जाई. शेवटच्या आठवड्यात ते प्रत्येक वेळी एकाच पानाला लागत होते, आणि ते पान पायवाटेपासून बरोबर सव्वातीन हात उंचीवर होते. लवूचा डोळा तेवढ्याच उंचीवर होता.

हिशेब सरळ होता. दोन डोळ्यांचा एक केला तर काळा भाग आठपट होतो. एकाचा शून्य केला तर सगळे रानच काळे.

बेटांत फोन लागत नसे. शाल्मली पायात चप्पल न घालता धावली.

तिसऱ्या बेटाशी लवू उभा होता. समोर पाहत होता आणि कोयता खाली धरून, पकडायच्या बेतात, पुढे वाकत होता. चष्मा कपाळावर सरकवलेला होता, कारण घामाने त्याची काच धुरकटली होती. शाल्मलीने दोन्ही डोळ्यांनी पानांतून पाहिले. लवू जिकडे पाहत होता तिकडे आता काही नव्हते, त्याला एकदा दिसून दडी तिथून सरकली होती. त्याच्या उजव्या हाताला, पाच हातांवर, पानांच्या पडद्यामागे ती बसलेली तिला स्वच्छ दिसली. लहान हातात काठी धनुष्यासारखी वाकलेली होती.

"लवूदादा, डोळा झाका! हातानं झाका, घट्ट!"

लवूने आयुष्यभर रानात काम केले होते. रानात कुणी ओरडले तर आधी ऐकायचे आणि मग विचारायचे, हे त्याच्या हाडात होते. त्याने तळहात डोळ्यावर दाबला. काठी सुटली नाही.

शाल्मली दोन पावलांत त्याच्यापाशी पोचली. तिनेही डोळे मिटले.

"काय झाला, बाईनू?"

"हलू नका. तिला फक्त डोळ्यांशी मतलब आहे. तुमचा डोळा झाकलेला आहे तोवर तुम्ही तिच्या लेखी दगड. तिला काठी सोडायचं कारणच उरत नाही." तिचा स्वर तिलाच परका वाटला. "डोळे मिटलेले दिसले की ती आपण होऊन जवळ येईल. जवळ आलं की गुण जास्त. आली की मी पाठीवरची कळ दाबते."

"आणि हात काढलंय तर?"

"काढायचा नाही, लवूदादा. काय वाटेल ते होवो."

दोघे उभे राहिले. पाने सळसळत होती, कुठेतरी धनेश ओरडला. मग सुक्या पाचोळ्यावर पाय वाजू लागले, सावकाश, चार चार. मिटल्या डोळ्यांनी तिला एवढे कळले की ते पाय घाईत नव्हते. गुडघ्यांना काहीतरी गार लागले. भिंगाची काच. मान लांबत गेली तशी ती तिच्या पोटाशी, खांद्याशी, मग गालाशी आली आणि तिथेच थांबली. एखादे माणूस आंधळ्याच्या तोंडाशी तोंड नेऊन पाहते तसे ते पाहत होते. शाल्मलीला किंचाळावेसे वाटले. तिने श्वास रोखून हात पुढे केला. बोटांना सौरपत्र्यांची ऊब लागली. कळ मानेच्या मागे होती, दोन वीत अंतरावर. तिची बोटे तिकडे सरकू लागली.

"बाईनू," लवू कुजबुजला. त्याचे कान तिच्यापेक्षा तिखट होते. "ऐकतास? काठी अजून ताणलेली आसा. करकरता. सोडूक नाय तेनी."

ते खरे होते. दडी जवळ आली होती ती लहान हातातली काठी न सोडता, बरोबर वाकवत आणून.

"आमचे तर डोळे मिटलेले," लवू म्हणाला. "मग कोणासाठी धरून ठेवल्यान हा?"

बोटे कळेवर पोचली आणि तिथेच थबकली. कळ दाबली की यंत्रातला जीव जाईल, हातातलाही. काठी सुटेल. कुणाकडे?

"अगं शाल्मली!" ओहोळाच्या बाजूने वालावलकरांचा आवाज आला, अगदी जवळून. "डोळे मिटून काय उभे आहात दोघं? आणि तुझी पट्टी कुठाय?"

तिने डोळे उघडले. पायवाटेच्या वळणावर, दहा हातांवर, सर उभे होते. डाव्या डोळ्यावर काळी पट्टी होती, उजवा उघडा आणि हसरा. दडीच्या लेखी पट्टी आणि गेलेला डोळा यात काही फरक नव्हता. सरांच्या उघड्या डोळ्याच्या रेषेत वळलेले काठीचे टोक शाल्मलीला दिसत होते, तिच्या दोन्ही डोळ्यांना, पानांच्या जाळीतून आरपार. सरांना एका डोळ्याने त्यातले काहीच दिसत नव्हते.

"सर, पट्टी काढा! दोन्ही डोळ्यांनी बघा! तुमच्या समोर आहे ती!"

वालावलकरांचा हात पट्टीकडे गेला. क्षणभर तिला वाटले, सुटलो. पण ते पट्टी काढत नव्हते. सैल झालेली गाठ दोन बोटांनी आवळत, तीस वर्षे विद्यार्थ्यांना समजावलेल्या त्याच प्रेमळ स्वरात ते म्हणाले, "वेडी आहेस का? पट्टी काढली तर दिसेल कशी?"

आणि नीट दिसावे म्हणून उघडा डोळा आणखी विस्फारून ते एक पाऊल पुढे आले. तिच्या बोटांखाली दडीची पाठ किंचित हलली. काठीची करकर थांबली.